थर्मामीटरचा ताप कोण बघणार?



गेल्या जानेवारीत आमच्या नातवाला ताप आला. सूनबाईंनी कानात धरायचे ते छोटे यंत्र लावले, त्याने ३७.२ दाखवले. आमचा असल्या यंत्रांवर फारसा विश्वास नाही, म्हणून १९७४ साली सांगलीहून ट्रंकेतून आणलेला काचेचा थर्मामीटर कपाटातून काढला. त्याचा पारा १०१ वर जाऊन थांबला, म्हणजे इथल्या हिशेबाने ३८.३. एकच पोर, एकच घटका आणि फरक एका अंशाहून जास्त! शेजारच्यांकडून तिसरा थर्मामीटर आणला, तर त्याने तिसरेच सांगितले. शेवटी घरातल्या सर्वांत जुन्या उपकरणाने, म्हणजे आजीच्या तळहाताने, "ताप आहे" असा निकाल दिला आणि तो कोणीही अपील न करता मान्य केला.

पोरगा दोन दिवसांत खडखडीत बरा झाला, पण आम्ही मात्र त्या यंत्रात अडकून पडलो. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. कानातले यंत्र हे किरण टिपते आणि त्यावरून गणित करून आकडा दाखवते. अशा यंत्राचे नाव रेडिओमीटर. याचेच थोरले भाऊबंद उपग्रहांवर बसून सात-आठशे किलोमीटर उंचीवरून समुद्राचा ताप बघतात. टीव्हीवर समुद्र तापल्याचे लाल-निळे नकाशे दाखवतात, ते बरेचसे यांच्याच जिवावर. आणि आमच्या स्वयंपाकघरात पडलेला प्रश्न तिथेही तसाच: यंत्र खरे बोलते हे ठरवायचे कोणी? वाचनालयातून पुस्तके आणून, थोडे विचारून, थोडे शोधून पाहिले तेव्हा कळले की या प्रश्नाला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या घरांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर घडला आहे.

सुरुवात स्लाउपासून. हो, तेच स्लाउ, जिथे आपण कढीपत्ता आणि ज्वारीचे पीठ आणायला जातो. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मन वादक, म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून आलेला. त्याने १७८१ साली बाथ गावी युरेनस ग्रह शोधला आणि १७८६ पासून तो स्लाउला राहायला आला. सूर्य पाहण्यासाठी तो रंगीत काचा वापरत असे. त्याच्या लक्षात आले की काही काचांतून उजेड थोडा येतो पण डोळा भाजतो, आणि काहींतून उजेड भरपूर असूनही ऊब लागत नाही. मग १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. जांभळ्यापेक्षा हिरव्यात जास्त, हिरव्यापेक्षा तांबड्यात जास्त. पुढे थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला, तर पारा आणखी चढला! अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

पण आम्हाला त्याची दुसरीच गोष्ट जास्त आवडली. त्याने एक थर्मामीटर किरणात ठेवला तेव्हा आणखी दोन बाजूला, किरणांबाहेर ठेवले होते. खोलीच उबदार झाली असेल तर ते दोघे सांगतील, अशी योजना. शिवाय त्याने थर्मामीटरचा फुगा काळा केला होता, म्हणजे उष्णता पुरेपूर शोषली जावी. बाजूला साक्षीदार हवा आणि तोंड काळे हवे, या दोन युक्त्यांवर पुढची सगळी कहाणी उभी आहे. हर्शेलचे घर १९६०च्या दशकात पाडले गेले. गावातल्या एका खरेदी केंद्राला 'ऑब्झर्व्हेटरी' हे नाव का मिळाले, हे तिथे पार्किंग शोधताना आमच्या कधी डोक्यातही आले नव्हते.

काळ्या तोंडाची गोष्ट पुढे नेली बर्लिनने. तिथल्या सरकारी मापनसंस्थेला गॅसचे दिवे चांगले की विजेचे, याचा निवाडा करायला एक प्रमाण हवे होते. कोणत्याही पृष्ठभागाला काळा रंग फासला तरी तो थोडेफार किरण परतवतोच. १८९५ साली लुमर आणि वीन या दोघांनी सुचवले की रंगावर विसंबण्याऐवजी एक पोकळी घ्या आणि तिला लहानसे भोक ठेवा. त्या भोकातून आत गेलेला किरण भिंतींवर आपटत राहतो, बाहेर येण्याआधीच शोषला जातो. उन्हात उभे राहून वाड्याच्या लहान खिडकीकडे पाहिले की आत काळाकुट्ट अंधार दिसतो, तसेच. अशा पोकळीतून येणारे किरण फक्त तिच्या तापमानावर अवलंबून असतात, ती कशाची बनली आहे यावर नाही. शास्त्रात याला कृष्ण पदार्थ म्हणतात. या पोकळ्यांची अचूक मोजमापे जुन्या सूत्रात बसेनात, म्हणून मॅक्स प्लांकने १९०० च्या ऑक्टोबरात नवे सूत्र मांडले आणि डिसेंबरात त्याचा अर्थ लावला. त्यातून पुंज भौतिकी जन्माला आली, पण तो विषय आमच्या कुवतीबाहेरचा! आपल्यापुरते एवढे पुरे की पोकळीचे तापमान ठाऊक असेल तर तिच्यातून किती किरण यायला हवेत हे कागदावर काढता येते. म्हणजे रेडिओमीटरला परीक्षेला बसवण्यासाठी प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही तयार झाल्या.

आता समुद्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकापासून जहाजावरचे खलाशी बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात थर्मामीटर बुडवत. बादली कधी लाकडाची, कधी कॅनव्हासची. कॅनव्हासच्या बादलीचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात एस.टी.च्या प्रवासात बरोबर घेतलेली छागल आठवा. कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि आतले गार होते. म्हणजे समुद्र होता त्यापेक्षा थंड नोंदला गेला. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदू लागले. ते इंजिनखोलीच्या उबेने थोडे जास्तच भरे. १९४५ च्या सुमारास जगाच्या समुद्रांचे सरासरी तापमान एकाएकी उतरल्यासारखे दिसते, ते का, हे कोडे २००८ साली सुटले. महायुद्धाच्या काळातल्या बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या इंजिनखोलीतल्या होत्या, युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या बादल्या पुन्हा मोठ्या प्रमाणावर आल्या. समुद्र होता तसाच होता, तराजू बदलला होता आणि त्याचा पासंग कोणी पाहिला नव्हता.

एवढ्या दशांशांची चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्यापैकी एकजण १९७२ साली सोलापूर जिल्ह्यात शाळामास्तर होता. वर्गात मुले नव्हती, ती आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर होती. रेशनवर तांबडी मिलो आणि पोरांना सुकडी, हे ज्यांनी पाहिले त्यांना आणखी काही सांगायला नको. त्याच वर्षी हजारो मैलांवर, पेरूपासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत, समुद्र नेहमीपेक्षा बराच तापला होता. त्याला एल निनो म्हणतात. पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा, एक बाजू वर तर दुसरी खाली, हा गिल्बर्ट वॉकर यांनी ओळखला. ते १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि नंतर इथे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. मान्सूनचे भाकीत आधी करता यावे हा त्यांचा ध्यास होता. या झोपाळ्याचे नाते समुद्राच्या तापमानाशी आहे हे १९६० च्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी दाखवले. प्रत्येक एल निनोला आपल्याकडे दुष्काळ पडतोच असे नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी पाऊस व्यवस्थित झाला. पण धोका वाढतो, आणि तो आधी कळलेला बरा.

उपग्रहांनी हे काम सोपे होईल असे वाटले होते. अमेरिकेने १९७८ साली अवरक्त रेडिओमीटर असलेला नवा हवामान उपग्रह सोडला आणि १९८१ च्या 'नोआ-७' वर त्याची सुधारलेली आवृत्ती बसवली. हवेतली वाफ समुद्राचे किरण वाटेत अडवते, त्यामुळे वरून समुद्र थंड दिसतो. यावर उपाय म्हणून ११ आणि १२ मायक्रॉन अशा दोन जवळजवळच्या तरंगलांबींत मोजायचे. वाफ या दोघांना कमी-जास्त अडवते, त्यांच्यातल्या फरकावरून वाफेचा हिशेब वजा करता येतो. युक्ती नामी होती. १९८१ च्या अखेरीस हे नकाशे नियमित निघू लागले.

आणि १९८२ च्या मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याचे गंधकयुक्त धुके वातावरणाच्या वरच्या थरात पोचून उष्ण कटिबंधाभोवती पसरले. गणितात वाफेची सोय होती, ज्वालामुखीची नव्हती. उपग्रहाला समुद्र होता त्यापेक्षा कित्येक ठिकाणी एक-दोन अंशांनी, काही ठिकाणी त्याहूनही जास्त थंड दिसू लागला. नेमक्या त्याच महिन्यांत खाली पॅसिफिकमध्ये त्या शतकातला एक सर्वांत मोठा एल निनो आकार घेत होता! जहाजांकडून मोजक्या नोंदी येत होत्या, पण त्यातले काही आकडे इतके चढे होते की तपासणीच्या नियमांनी ते चुकीचे ठरवून बाजूला टाकले. तापलेल्या पोराला यंत्राने ३७ सांगितले आणि आजीचा हात कोणी जमेस धरला नाही, असे हे झाले. एल निनो आल्याचे शास्त्रज्ञांना कळले ते कित्येक महिने उशिरा. पेरू-इक्वेडोरमध्ये महापूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि १९८३ च्या फेब्रुवारीत भयानक वणवे, आणि भारतात १९८२ चा पाऊस तुटीचा. हे सगळे यंत्रामुळे झाले असे नाही, पण इशारा मिळायची संधी हुकली ती हुकलीच.

या ठेचेने बरेच काही शिकवले. पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगत नांगरलेल्या सुमारे सत्तर तरंगत्या बोयांची माळ उभारायचे ठरले, ती १९९४ साली पुरी झाली. आणि इकडे ऑक्सफर्डशायरमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने एक निराळा रेडिओमीटर बनला, एटीएसआर नावाचा. त्याच्यात दोन गोष्टी विशेष होत्या. एक म्हणजे समुद्राचा तोच तुकडा तो दोनदा पाही, आधी पुढे तिरक्या नजरेने आणि सुमारे अडीच मिनिटांनी सरळ खाली. तिरक्या वाटेत हवा जवळजवळ दुप्पट लागते, त्यामुळे वाफ असो की धूळ, वाटेत किती खोट आहे हे समजते. दुसरे म्हणजे बर्लिनच्या त्या काळ्या पोकळ्यांची दोन भावंडे त्याने पोटातच बाळगली होती, एक थंड आणि एक उबदार. समुद्राचे तापमान बहुतेक या दोघांच्या मध्ये पडते. दर फेरीला समुद्र पाहायचा आणि दर फेरीला या दोन्ही पोकळ्याही पाहायच्या, म्हणजे माप घसरले तर तिथल्या तिथे कळते. हर्शेलने बाजूला ठेवलेले दोन थर्मामीटर आम्हाला इथे पुन्हा भेटले.

हा रेडिओमीटर १७ जुलै १९९१ ला अवकाशात गेला, आणि योगायोग पाहा, फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी महिनाभर आधीच, १५ जूनला फुटला होता. धुके एल चिचोनपेक्षा जास्त. पहिल्याच पेपरला सर्वांत कठीण प्रश्न! दुहेरी नजरेचा फायदा तिथे दिसला, पण पहिल्या गणितांतही सुधारणा कराव्या लागल्या. वर पोकळ्या असल्या तरी जमिनीवरचा पडताळा लागतोच, हे पुन्हा सिद्ध झाले.

पडताळ्यात एक गंमत आहे. अवरक्त किरण येतात ते पाण्याच्या अगदी वरच्या, मिलिमीटरच्या एक-दोन शतांश एवढ्या थरातून. दुधावर साय असते तशी ही समुद्राची कातडी. हवेला उष्णता देऊन ती खालच्या पाण्यापेक्षा साधारण एक-दोन दशांश अंशांनी, शांत वाऱ्यात त्याहून अधिक, गार असते. बोयाचा थर्मामीटर हातभर किंवा वावभर खाली. म्हणजे उपग्रह सायीचे तापमान सांगतो आणि बोया दुधाचे. दोघे खरे बोलत असले तरी आकडे जुळणार नाहीत. तेव्हा सायीचा पडताळा घ्यायला सायच पाहणारा हवा, म्हणजे जहाजावर बसवलेला दुसरा रेडिओमीटर.

अशी यंत्रे नव्वदीच्या दशकात तयार झाली. साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांनी वापरात आणलेले 'आयसार' नावाचे यंत्र २००४ पासून पोर्ट्समथ ते बिल्बाओ जाणाऱ्या 'प्राइड ऑफ बिल्बाओ' या फेरीवर बसले. तुमच्यापैकी कोणी त्या बोटीने स्पेनला गेला असाल तर डोक्यावर हे नळकांडे होते. त्यातला आरसा फिरत असतो. तो आळीपाळीने समुद्र, आकाश आणि आतल्या दोन काळ्या पोकळ्या दाखवतो. आकाश कशाला? पाणी शंभरातले एखाद-दोन टक्के किरण आरशासारखे परतवते आणि निरभ्र आकाश अतिशय थंड असते. ती सावली वजा केली नाही तर समुद्र फुकटचा थंड ठरतो. पावसाची चाहूल लागली की यंत्र झडप ओढून घेते, बाजारपेठेत दंगल झाली की दुकानदार शटर ओढतात तसे. खारे पाणी आरशावर उडाले की गेले काम.

पण मग त्या आतल्या पोकळ्यांचा पडताळा? त्यासाठी यंत्र बोटीवर चढवण्याआधी आणि उतरवल्यावर, दोन्ही वेळा, प्रयोगशाळेत एका मोठ्या पोकळीसमोर बसवतात. ही पोकळी सतत ढवळलेल्या पाण्याच्या टाकीत बुडवलेली असते, म्हणजे तिच्या भिंती सगळीकडे सारख्या तापतात. पाण्यात थर्मामीटर. त्या थर्मामीटरचा पडताळा राष्ट्रीय प्रयोगशाळेत, इथे म्हणजे टेडिंग्टनला, बुशी पार्कच्या कडेला. आणि तिथल्या थर्मामीटरचा? तिथे मात्र माणसांची साखळी संपते आणि निसर्ग सुरू होतो. शुद्ध पाण्याचा बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते ०.०१ अंशाला. गॅलियम हा धातू वितळतो २९.७६४६ अंशांना, तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. या खुणा पुण्यात, पॅरिसमध्ये, कुठेही त्याच. समुद्राचे बहुतेक तापमान या दोन खुणांच्या दरम्यान बसते.

तरीही शास्त्रज्ञ एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, आणि ते आम्हाला फार बरे वाटले. दर काही वर्षांनी ते आपापली यंत्रे पेटीत घालून एका ठिकाणी जमतात. २००१ साली मायामीला असा मेळावा झाला. आधी सगळ्यांनी त्याच त्या पोकळ्यांकडे पाहिले. मग सात रेडिओमीटर एकाच जहाजावर शेजारी शेजारी लावून गल्फ स्ट्रीमच्या पाण्यात नेले. त्यातल्या चार उत्तम यंत्रांची उत्तरे ०.०५ अंशाच्या आत जुळली. २०१६ च्या उन्हाळ्यात असाच मेळावा टेडिंग्टनला भरला, आणि पाण्यावरची चाचणी झाली ती हीथ्रोजवळच्या रेझबरी जलाशयावर. डोक्यावरून विमाने उतरत असताना, तरंगत्या चौथऱ्यावर ओळीने बसून निरनिराळ्या देशांची यंत्रे एकाच पाण्याकडे टक लावून होती.

याचा उपयोग किती, हे एका अपघातावरून कळते. एटीएसआरचा तिसरा अवतार ज्या 'एन्व्हिसॅट' उपग्रहावर होता, त्याच्याशी ८ एप्रिल २०१२ ला संपर्क तुटला, तो कायमचा. त्याचा वारस 'सेंटिनेल-३ए' वर गेला तो २०१६ च्या फेब्रुवारीत. मध्ये जवळजवळ चार वर्षांचे खिंडार. दोघे एकत्र उडाले असते तर जुन्याचे माप नव्याला लावून घेता आले असते. तसे झाले नाही. दशकामागे दशांश अंशाने बदलणारे तापमान पकडायचे आणि दोन तराजू कधी समोरासमोर आलेच नाहीत, ही केवढी पंचाईत! इतर उपग्रह मधल्या काळात वर होते, त्यांचा आधार झालाच. पण खाली बोटींवरची नळकांडी आधीही मोजत होती, मध्येही आणि नंतरही, त्याच पोकळीशी आणि त्याच गॅलियमशी ताडून. १९४५ ला बादल्यांच्या बाबतीत जी सोय नव्हती ती या वेळी होती.

पुढच्या खेपेला मुंबईहून येताना विमान पश्चिमेकडून उतरत असेल तर खिडकीतून खाली पाहा. एम २५ रस्त्याच्या कडेला मोठाली तळी दिसतात, त्यातलेच एक रेझबरी. आम्ही मार्चमध्ये येताना पाहिले, चौथरा काही दिसला नाही. आमचा काचेचा थर्मामीटर सध्या पुन्हा कपाटात गेला आहे. त्याचे माप शेवटचे कोणी आणि कशाशी ताडले होते, हे विचारायला सांगलीचे ते दुकानही आता राहिलेले नाही.